कबरीचा जुना दगड पुन्हा उभा करताना: कोकणातल्या बेने इस्रायल कबरस्तानांत शिकलेलं काम

अलिबागपासून रेवदंडा, मुरूड, म्हसळ्यापर्यंत आणि आत पेण, रोह्याकडे गेलात की एखाद्या गावाच्या कडेला, आमराईच्या नाहीतर खाजणाच्या बाजूला, जांभ्याच्या बुटक्या चौथऱ्यांची रांग दिसते. काहींवर काळ्या दगडाची पाटी, काहींवर संगमरवराची. वर हिब्रू, खाली मराठी. ही बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाची कबरस्तानं. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. १९४८ नंतर एकेक करत बहुतेक घरं इस्रायलला गेली. जाताना आडनावात गाव घेऊन गेली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर. दगड इथेच राहिले, आणि काही गावांत त्यांच्याकडे बघायला समाजाचं एकही घर उरलं नाही.

या दगडांवर काम करताना जे हाताला समजलं ते इथे लिहितो आहे. ख्रिस्ती दफनभूमीत, मुसलमानांच्या कबरस्तानात किंवा लिंगायतांच्या समाध्यांच्या जागेतही दगड, चुना आणि पाऊस तेच असतात. त्यामुळे पद्धत तीच चालते, रिवाज तेवढे बदलतात.

पहिलाच दगड आमच्या हातून बिघडला, ते आधी सांगतो. कलंडलेली काळ्या दगडाची पाटी होती. आम्ही खड्डा घेतला, काँक्रीट ओतलं, पाटी ओळंब्यात सरळ उभी केली. बघायला आलेल्यांनी कौतुक केलं. तिसरा पावसाळा संपल्यावर गेलो तर पाटी जमिनीलगत आडवी तडकलेली. काँक्रीटने पायथा आवळून धरला होता. जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरच्या भागाला वारा आणि गुरं ढकलतात, आणि हा सगळा ताण नेमका त्या एका रेषेवर येतो. शिवाय काँक्रीटमधून पाणी खाली निघून जात नाही. ते दगडातून वर चढतं आणि सिमेंटमधले क्षार सोबत आणतं. तेव्हापासून आमचा एकच नियम आहे: आपण जे करू ते पुढे कुणाला तरी दगडाला इजा न करता सोडवता आलं पाहिजे. खाली जे जे सांगितलं आहे ते या नियमातून आलं आहे.

आधी परवानगी

कबरस्तान ओसाड दिसलं तरी ते कुणाचं तरी असतं. ज्यूंच्या बाबतीत जवळच्या सिनेगॉगचे, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळाचे, विश्वस्त, ख्रिस्ती असेल तर चर्च, मुसलमानांचं असेल तर जमात आणि बहुतेक वेळा वक्फ. सातबारा काढून जागा कुणाच्या नावावर आहे ते पाहा. लेखी परवानगी घ्या आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. हे केवळ शिष्टाचारासाठी नाही. दफनाच्या जागेत कुणाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. तुमचा हेतू चांगला आहे हे रस्त्याने जाणाऱ्याला कळणार नाही, त्याला पहारी घेऊन आलेली चार माणसं दिसतात.

कुटुंबातलं कुणी सापडलं तर त्यांना जरूर विचारा. इस्रायलमध्ये अश्दोद, बीरशेबा, दिमोना, लोद या शहरांत बेने इस्रायल मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्यातल्या अनेक घरांत अजून मराठी बोललं जातं. पणजोबांच्या दगडाचा फोटो पाठवला की पलीकडून जी माहिती येते ती कुठल्याही दप्तरात मिळत नाही.

काही ठिकाणी मात्र हात लावायचाच नाही. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्या फरशीत पोर्तुगीज काळातले कबरीचे दगड आहेत. किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तिथे साधं धुणंसुद्धा आपलं काम नाही. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम मनाई आहे आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. पुण्याला खडकीचं युद्ध कबरस्तान राष्ट्रकुल युद्धकबर आयोग सांभाळतो, तिथे काही मोडलेलं दिसलं तर आयोगाला कळवावं.

रिवाज समजून घ्या. ज्यूंच्या कबरस्तानात शनिवारी आणि त्यांच्या सणांना काम करायचं नाही. कबरीवर ठेवलेले छोटे खडे कचरा समजून झाडून टाकायचे नाहीत, ते भेटीला आलेल्या माणसाने आठवण म्हणून ठेवलेले असतात. धुताना ते काढावे लागले तर वाटीत ठेवून नंतर जागेवर परत ठेवा. बाहेर पडताना हात धुण्याचा रिवाज आहे, फाटकाशी एक कळशी भरून ठेवली की झालं. आणि हाडांना कुठल्याही परिस्थितीत धक्का लागता कामा नये.

हलवण्याआधी नोंद

दगडाला हात लावण्याआधी एक पूर्ण दिवस फक्त वही, टेप आणि कॅमेऱ्याला द्या. साधा नकाशा काढा, प्रत्येक कबरीला क्रमांक द्या. पाटीची लांबी, रुंदी, जाडी, कुठल्या दिशेला तोंड आहे, किती कललेली आहे, तडे कुठे आहेत हे लिहा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. पडलेला तुकडा उचलण्याआधी तो जिथे पडला आहे तिथेच त्याचा फोटो घ्या, कारण तुकडा कसा पडला यावरून तो कुठला हे कळतं.

अक्षरं पुसट असली की लोक त्यांत खडू घासतात, पीठ भरतात, शेव्हिंग क्रीम फासतात, कोळशाने ठसा घेतात. यातलं काहीही करू नका. खडूने ओरखडे पडतात, पिठावर बुरशी धरते, क्रीममधली रसायनं दगडाच्या छिद्रांत राहतात. लागतो तो फक्त तिरपा उजेड. सकाळी आठच्या सुमाराला हातभर लांबीचा आरसा घ्या आणि ऊन पाटीवर अगदी बाजूने, पृष्ठभागाला घासून जाईल असं पाडा. अक्षराच्या एका कडेला सावली धरते आणि ते वर येतं. आरसा नसेल तर तिन्हीसांजेनंतर टॉर्च पाटीच्या कडेला टेकवून हळूहळू फिरवा.

एका काळ्या पाटीवर दिवसा फक्त 'बाई' एवढं वाचता येत होतं. आधीचं नाव पार झिजलेलं, बोट फिरवलं तरी सपाट लागायचं. अंधार पडल्यावर डाव्या कडेने टॉर्च धरली. आधी एक उभा दंड दिसला, मग वेलांटीचा वळसा, आणि तिसऱ्या ओळीत आडनावाचं शेवटचं 'कर'. त्याच्या अलीकडची दोन अक्षरं उजेड खालून दिल्यावर दिसली आणि गावाचं नाव पुरं झालं. नाव पूर्ण वाचायला आम्हाला दोन रात्री लागल्या. त्या पाटीला आजवर ब्रशसुद्धा लावलेला नाही, फोटो आणि नोंद तेवढी आहे.

हिब्रू वाचता येत नसेल तरी थोड्या खुणा ओळखता येतात. ती उजवीकडून डावीकडे जाते. सगळ्यात वर बहुधा दोनच अक्षरं असतात, पे आणि नून. 'इथे पुरलं आहे' या शब्दांची ती आद्याक्षरं. शेवटी पाच अक्षरांचा गट असतो, त्याचा अर्थ मृताचा आत्मा जीवितांच्या गाठोड्यात बांधलेला राहो. एवढं माहीत असलं तरी दगडाची वरची बाजू कुठली ते कळतं. हे लिहितो आहे कारण वरचा तुकडा उलटा बसवलेली पाटी मी पाहिली आहे.

हिब्रू साल अक्षरांतच कोरतात. प्रत्येक अक्षराला अंकाचं मूल्य असतं आणि पाच हजारांचा आकडा सहसा गाळलेला असतो. बेरीज ६५५ आली तर साल ५६५५. ६५५ मध्ये १२४० मिळवा, १८९५ येतं. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होतं, म्हणून त्या पहिल्या महिन्यांतली तारीख असेल तर १८९४. शके दिलं असेल तर ७८ मिळवा, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची तिथी असेल तर ७९. दगडावरचं जसंच्या तसं उतरवा, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट. तुमचा अर्थ वेगळ्या रकान्यात लिहा.

कुठल्या दगडाला हात लावायचा

सगळे कललेले दगड सरळ करायचे नसतात. हाताने हलत नाही, कुणाच्या अंगावर पडेल अशी भीती नाही, तर थोडा कल असू द्या. शंभर वर्षांत जमिनीशी त्याचं जमलेलं असतं. आधी घ्यायचे ते हाताने डुलणारे, वाटेकडे झुकलेले, आणि पालथे पडून ज्यांच्या अक्षरांना ओल लागते आहे असे.

दगडाची तब्येत बोटाने पाहा. संगमरवरावर बोट फिरवल्यावर साखरेसारखे कण हाताला आले तर तो दगड धुवायचा नाही, हलवायचा नाही, संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाला दाखवायचा. बोटाच्या पेराने हलकेच ठोकून पाहा. भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी बद्द. बद्द आवाज आला तर वरचा पापुद्रा सुटतो आहे. इंग्रजी अमदानीतल्या काही संगमरवरी पाट्यांत अक्षरं कोरून त्यांत शिसं भरलेलं असतं. तिथे ब्रश आडवा लागला तरी अक्षर निखळतं.

धुणं

गावात कबरस्तान 'स्वच्छ' करायचं ठरलं की फरशी धुण्याचं अॅसिड, ब्लिचिंग पावडर, तारेचा ब्रश आणि गाड्या धुण्याचा प्रेशर पंप या चार गोष्टी आधी येतात. चारही गोष्टी फाटकाबाहेर ठेवा. अॅसिड संगमरवर विरघळवतं, चमक एका मिनिटात जाते आणि परत येत नाही. ब्लिचिंग पावडरचे क्षार दगडात शिरतात आणि सुकताना आतून कण उडवतात. तारेच्या ब्रशचे तुटके तुकडे दगडात अडकून गंजतात. प्रेशरचं पाणी शंभर वर्षांत जमलेला वरचा टणक थर सोलून काढतं. अक्षरांत ऑइलपेंट भरणं हेही असंच. रंग दगडाचा श्वास अडवतो, आत अडकलेलं पाणी रंगासकट पापुद्रा घेऊन बाहेर पडतं.

भरपूर गोडं पाणी, मऊ नारळी काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश, बांबूची चपटी काडी आणि वेळ, एवढं पुरतं. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर दुसरीकडून आणा. आधी पाटी पूर्ण भिजवा, कोरड्या दगडावर घासू नका. खालून वर घासत जा आणि प्रत्येक हाताबरोबर पाणी सोडा. वरून सुरुवात केली तर मळकट पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या दगडात उतरतात आणि डाग राहतो.

शेवाळ सहज निघतं. दगडफूल मात्र चिवट असतं. गोड्या मसाल्यात घालतो त्याच दगडफुलाची ही भावंडं, काळ्या दगडावर करड्या-हिरव्या चकत्या धरतात आणि त्यांचे मुळांसारखे बारीक धागे दगडाच्या कणांत शिरलेले असतात. सुकं ओरबाडलं तर दगडाचे कण घेऊन येतं. ओलं गोणपाट तासभर वर टाकून ठेवा. चकती फुगून मऊ होते, मग बांबूच्या काडीने आडवी सरकवा. जे निघत नाही ते राहू द्या. पाण्याने अजिबात भागलं नाही तर बेंझाल्कोनियम क्लोराइडचं १ ते २ टक्क्यांचं पातळ द्रावण फवारून सोडून देता येतं. काही आठवड्यांत दगडफूल मरतं आणि पाऊस ते धुऊन नेतो. हातमोजे घाला, आणि विहिरीच्या किंवा ओढ्याच्या जवळ ते वापरू नका.

पांढरी बुकणी दिसली तर तो लोणा, म्हणजे दगडातून बाहेर आलेले क्षार. पाण्याने धुऊन तो जात नाही, आत विरघळून पुन्हा बाहेर येतो. आधी कोरड्या ब्रशने झाडून टाका. मग साध्या कागदाचा लगदा डिस्टिल्ड पाण्यात भिजवून बोटभर जाड थापा आणि पूर्ण सुकू द्या. सुकताना क्षार लगद्यात ओढले जातात. दोन-तीनदा करावं लागतं.

वजनाचा हिशेब

या कामात माणसं दुखावतात ती इथेच. लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणा, हजाराने भागा, आणि काळ्या दगडासाठी २.९ ने, संगमरवरासाठी २.७ ने गुणा. १२० × ६० × १० सेंटिमीटरची काळी पाटी ७२ लिटर भरते, म्हणजे जवळपास २०९ किलो. दिसायला ती दोघांनी उचलावी एवढीच वाटते.

एवढ्या वजनाला लोखंडी पाइपांची तिपाई आणि एक टनाची चेन पुली भाड्याने आणा. साखळी दगडाला थेट लावायची नाही, रुंद नायलॉनचा पट्टा गुंडाळायचा आणि कडांना गोणपाटाची घडी द्यायची. पहार लावायची तर खाली लाकडाचा तुकडा ठेवून, आणि दगड जितका उचलला जाईल तितकी लाकडाची पाचर लगेच सरकवायची. बोटं दगडाखाली कधीच जात नाहीत. दगड सुटला तर पकडायला जायचं नाही, सगळ्यांनी मागे व्हायचं. हे आधी सगळ्यांकडून म्हणवून घ्या. आडवा दगड न्यायचा असेल तर फळीवर चढवून खाली पाइपाचे तुकडे रूळ म्हणून टाका. संगमरवरी पाटी आडवी, दोन टोकांना धरून नेऊ नका, मधून मोडते. कडेवर उभी धरा.

पाटी पुन्हा रोवणं

उभ्या पाटीचा साधारण एक तृतीयांश भाग जमिनीत असतो. मूळ खोली दगडावरच दिसते, मातीतला भाग खडबडीत सोडलेला असतो आणि जमिनीची रेष डागासारखी उमटलेली असते. त्या रेषेपर्यंतच रोवा.

पाटी काढून फळ्यांवर ठेवा. जुना खळगा चारही बाजूंनी वीतभर रुंद करा आणि पाटीच्या तळाखाली १० ते १५ सेंटिमीटर जाईल एवढंच खोल घ्या. त्याखाली जाऊ नका. हाड दिसलं तर काम तिथेच थांबवा, तीच माती परत झाका आणि विश्वस्तांना बोलवा.

खळग्याच्या तळाला बारीक खडी, साधारण १२ ते २० मिलिमीटरची, १० सेंटिमीटर टाकून धुम्मसाने चोपा. यावर पाटी उतरवा. आता घाई नको. ओळंबा समोरून धरा, मग बाजूने धरा. दोन्हीकडून सरळ आली की लाकडी टेकू द्या आणि ओळीतल्या शेजारच्या दगडाकडे डोळा लावून पाहा. मग खडी आणि जाड वाळू मिसळून भरायला घ्या. एका वेळी चार बोटांचा थर, फावड्याच्या दांड्याने चारही बाजूंनी सारखा ठोकायचा, ओळंबा पाहायचा, पुढचा थर. एकाच बाजूने भरलं तर पाटी हळूहळू सरकते आणि शेवटी लक्षात येतं. वरचे दोन इंच मात्र मूळ माती, पाणी पाटीपासून दूर वाहील असा किंचित उतार देऊन. पाणी खडीतून खाली निघून जातं, पायथा कोरडा राहतो, आणि उद्या कुणाला पाटी काढायची झाली तर अर्ध्या तासात निघते.

चौथरा आणि चुना

कोकणात कबरीवर जांभ्याचा चौथरा आणि त्यावर आडवी किंवा टेकवलेली पाटी असं बांधकाम पुष्कळ. चौथरा ढासळला की पाटी मोडते, म्हणून चौथऱ्याकडे आधी लक्ष द्या. चिरे काढताना प्रत्येकाला चिकटपट्टीवर क्रमांक लिहून लावा, थरवार फोटो घ्या, आणि त्याच क्रमाने जमिनीवर मांडून ठेवा. नवा चिरा लागलाच तर त्याच पट्ट्यातल्या खाणीतला, तशाच पोताचा घ्या.

जोडायला चुना. सिमेंट जांभ्यापेक्षा कितीतरी कडक असतं. ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, चिऱ्यातून पडते, आणि काही वर्षांत सांधे उभे राहतात, चिरे त्यांच्यामध्ये खोलगट खाल्लेले दिसतात. जुन्या घरांचे मागाहून सिमेंटने भरलेले सांधे पाहा, हेच दिसेल. चुन्याचा सांधा चिऱ्यापेक्षा मऊ असतो, झीज स्वतःवर घेतो. दर काही दशकांनी सांधा भरावा लागतो, पण चिरा वाचतो.

पूर्वी या किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना भाजत. आता कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, आणून स्वतः पाण्यात विरवणं सगळ्यात खात्रीचं. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात कळ्या थोड्या थोड्या सोडा. उलट केलं, म्हणजे ढिगावर पाणी ओतलं, तर चुना उसळून तोंडावर येतो. डोळ्यांना चष्मा आणि हातांना रबरी मोजे हवेतच, डोळ्यात गेलेला चुना नजर नेतो. उकळी थांबली की गाळून घ्या, वर चार बोटं पाणी राहील असा झाकून ठेवा, आणि किमान १५ दिवस मुरू द्या. दोन-तीन महिने मुरला तर पानाच्या डबीतल्या चुन्यासारखा लोण्यागत होतो.

साध्या सांध्याला एक भाग मुरलेला चुना, तीन भाग धुतलेली खरखरीत वाळू. समुद्राची वाळू चालत नाही, मीठ असतं. आपल्याकडच्या ओलीत चुना नुसत्या हवेवर धरायला फार वेळ घेतो, म्हणून एक भाग चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग वाळू असं मिश्रण आम्ही घेतो. सुरखी म्हणजे कमी भाजलेल्या विटेची भुकटी, तिच्यामुळे चुना ओलीतही धरतो. पाणी शक्य तितकं कमी. मिश्रण मळून मळून मऊ करायचं, पाणी घालून नव्हे. गूळ, हिरडा, बेलफळ घालण्याच्या जुन्या रीती आहेत, पण त्यांचं प्रमाण हाताखालून गेलेल्या गवंड्यालाच कळतं. तसा गवंडी नसेल तर साधा चुनाच बरा.

चिरे भिजवून मग लावा, कोरडा चिरा चुन्यातलं पाणी पिऊन टाकतो. सांधा भरल्यावर ओलं गोणपाट बांधा आणि कमीत कमी दहा दिवस दिवसातून तीनदा शिंपडा. चुना उन्हात सुकवायचा नसतो, ओलीत पिकवायचा असतो. म्हणूनच हे काम दिवाळीनंतर सुरू करून शिमग्याआधी संपवा. मे महिन्यात चुना तडकतो, पावसात वाहून जातो.

आधीच कुणी सिमेंट भरलेलं असेल तर? ते घट्ट असेल, हलत नसेल, तर ग्राइंडर लावून काढायला जाऊ नका. सिमेंटबरोबर दगडही जातो. सुटलेलं तेवढं बारीक छिन्नीने काढा.

गंजलेली खीळ

बैठकीवर उभा केलेला स्तंभ किंवा पाटी असेल तर आत बहुधा लोखंडी खीळ असते. समुद्राच्या खाऱ्या हवेत ती गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि दगड आतून फुटतो. पायथ्याशी तपकिरी ओघळ आणि उभा तडा एकत्र दिसले तर कारण हेच समजा. खीळ ओढून काढू नका. पाथरवट मिस्त्री तिच्याभोवती बारीक भोकं पाडून ती मोकळी करतो. जागी ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील घाला, किनाऱ्यावर हलका दर्जा टिकत नाही. सांध्यात चुना, आणि वजनाने तो दबून बाहेर येऊ नये म्हणून चारही कोपऱ्यांत शिशाचे पातळ तुकडे.

दोन तुकडे झालेली पाटी

लोकांना हेच काम आधी करायचं असतं, आणि याचीच घाई करायची नाही. तुकडे कोरडे जुळवून पाहा. कडा ताज्या, टोकदार असतील तर दगडाचं इपॉक्सी, म्हणजे रासायनिक गोंद, वापरून जोडता येतात, पण ते अनुभवी माणसाच्या हातून करून घ्या, आणि आधी दगड महिनाभर सावलीत पूर्ण सुकवा. ओल्या दगडाला इपॉक्सी धरत नाही. लेप दर्शनी कडेपासून दोन बोटं आतच थांबवायचा, उरलेली फट त्याच रंगाच्या दगडाची भुकटी घातलेल्या चुन्याने भरायची. इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं आणि पाणी अडवतं, म्हणून ते दिसता कामा नये.

कडा झिजून गोल झाल्या असतील तर जोडू नका. चौथऱ्यावर किंवा खडीच्या गादीवर तुकडे मूळ क्रमाने, अक्षरं वर, मध्ये थोडी फट ठेवून मांडा. गादीला पाणी निथळेल असा चांगला उतार द्या. भिंतीला टेकवून ठेवलेले तुकडे मात्र हमखास पडतात किंवा कुणाच्या तरी घराची पायरी होतात.

झाडं आणि साप

चौथऱ्यात उगवलेला पिंपळ किंवा वड उपटू नका, मूळ चिरे घेऊन निघतं. बुडाशी कापा आणि फुटवा आला की पुन्हा कापा, मूळ आतच कुजू द्या. मगच चौथरा खोला.

जांभ्याच्या फटी ही फुरशाची आवडती जागा. गुडघ्यापर्यंत गमबूट घाला, प्रत्येक दगडाखाली हात घालण्याआधी काठी फिरवा, आणि जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे ते काम सुरू करण्याआधी विचारून ठेवा. झाडावर आग्यामोहोळ असेल तर त्या कोपऱ्यात धूर करायचा नाही आणि मोठा आवाजही नको.

पहिला पावसाळा

काम झालं की नोंदवहीत प्रत्येक क्रमांकापुढे लिहा: काय केलं, कुठल्या तारखेला, चुन्याचं प्रमाण काय, खीळ कुठल्या धातूची, कुणी केलं. नंतरचे फोटो आधीच्याच कोनातून घ्या. एक प्रत विश्वस्तांकडे, एक ग्रामपंचायतीत, एक सापडलेल्या कुटुंबाकडे.

जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर छत्री घेऊन एकदा जा. पाणी कुठे साचतं ते तेव्हाच कळतं, चिखलात बोटाने रेघ ओढून चर कुठे हवा ते ठरवा. नवरात्रात पुन्हा ओळंबा लावा. पहिल्या वर्षी खडी थोडी बसते, पाटी बोटभर कलते. तेव्हा वरची माती बाजूला करून त्या बाजूला दोन घमेली खडी ठोकली की ती परत ओळंब्यात येते.